मैथिलीची चढाई आणि माझं खोबरेल

आमच्या घरात फसवणुकीचा आरोप आजवर एकाच व्यक्तीवर झाला आहे, आणि ती व्यक्ती अकरा वर्षांची आहे. गुन्हा अर्थातच माझा होता!

करंजाड्याला आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मैथिली तीन वर्षांची होती आणि समोरच्या दारातली सानिकाही तीनच वर्षांची. तेव्हापासून दोघी एका ताटात जेवल्या, एका रिक्षाने शाळेत गेल्या आणि एकाच कथकच्या क्लासला पाय आपटायला लागल्या. दोघींना कांजिण्याही एकाच आठवड्यात आल्या. (कुणी कुणाला दिल्या, यावर माझं आणि सानिकाच्या आईचं अजून एकमत नाही.)

आणि मग सहावीत पी.टी.च्या तासाला कबड्डी आली. त्या दिवशी मैथिली घरी आली ती गुडघे फोडून आणि तोंडभर हसत.

"आई, मी कथक सोडतेय. कबड्डी खेळणार."

"सात वर्षं घुंगरू वाजवले ते मातीत लोळायला?"

"अगं, मी जन्मजात रेडर आहे, असं सर म्हणाले!"

(जन्म मी दिलाय. माझ्या तसं काही लक्षात आलं नव्हतं.)

पुढच्या आठवड्यापासून ती गावदेवीच्या देवळामागच्या मैदानावर जाऊ लागली. तिथे गावातले हरिभाऊ मुलींना फुकट शिकवतात. मी जाब विचारायला गेले, तर मलाच म्हणाले, "वयनी, पोर लय चपल हाय. तुमी काय टेन्शन घेव नका. आमी हाव ना!"

कबड्डी मी एक वेळ गिळली असती. पण सानिका! तिने कथक सुरूच ठेवलं, क्लासमधल्या दुसऱ्याच मुलींशी गट्टी केली आणि आमची बेल वाजवणं बंद केलं. लिफ्टमध्ये भेटल्या की या दोघी मजल्यांचे आकडे बघत उभ्या! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तू हाक मार ना तिला!"

"कशाला? ती बिझी असते."

"भांडलात का?"

"नाही गं."

"मग?"

"मग काही नाही. आई, प्लीज, तू यात पडू नकोस."

मी पडले.

भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. न भांडता मैत्री सोडून द्यायची, ही कुठली पद्धत? आठ वर्षांची मैत्री अशी लिफ्टमध्ये संपू द्यायला मी काही मेले नव्हते! मैथिलीचा पहिला सामना रविवारी कळंबोलीला होता. मी अळूवड्यांची ताटली घेऊन समोर गेले आणि सानिकाला म्हटलं, "मैथिलीने खास तुला बोलावलंय हं!" (साफ खोटं.) बिचारी वड्यांच्या भिडेखातर आली असावी.

रविवारी सकाळी मैथिलीकडे पाहिलं तर गुडघे खरवडलेले, कोपरं सोललेली, थंडीने अंग उललेलं. आमच्या माहेरी परीक्षा असो, प्रवास असो की पडसं, उपाय एकच. मी वाटीभर खोबरेल कोमट केलं आणि पोर अर्धवट झोपेत असतानाच मानेपासून टाचेपर्यंत चोळून जिरवलं. (जिरवलं असं मला वाटलं.)

सामना सुरू झाला. मैथिली चढाईला गेली. समोरच्या मुलीने तिचा घोटा धरला, तो सटकला! पुढच्या चढाईला तिघी अंगावर पडल्या आणि त्या ढिगाखालून माझी लेक ओल्या साबणासारखी निसटून रेषेपलीकडे! मी खुर्चीवर उभी राहून किंचाळत होते. "बघ सानिका, बघ!" सानिका मोबाइल बघत होती. हरिभाऊंनी तर डोक्याला हात लावला, "आयला, ही कोनालाच गावत नाय!"

तेवढ्यात समोरच्या संघाच्या कप्तान मुलीने आपले दोन्ही तळवे पंचांसमोर धरले. तळवे चमकत होते. पंच मैथिलीजवळ गेले, तिच्या दंडावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि जोरात शिट्टी मारली.

"अंगाला तेल? कबड्डीत हे चालत नाही, माहीत नाही तुला?"

"चीटर! चीटर!" समोरून ओरडा सुरू झाला.

"कुणी लावलं?" पंचांनी विचारलं.

मैथिलीने माझ्याकडे पाहिलं. पण माझं नाव काही तिने घेतलं नाही. आणि मी? गॅसवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सरळ करणारी मी, खुर्चीवरून उतरून खुर्चीमागे वाकले! आजही आठवलं की लाज वाटते.

तेव्हा सानिका उठली. मोबाइल माझ्या हातात कोंबून थेट मैदानाच्या रेषेपर्यंत गेली.

"सर, ती चीटर नाहीये! तिच्या आईने लावलंय. काकू सगळ्यांनाच लावतात. मलापण लावलं होतं, गॅदरिंगला माझा मेकअपच टिकेना!"

"कुठे आहेत या काकू?"

सानिकाने बोट दाखवलं. अख्ख्या मैदानाने खुर्चीमागे पाहिलं.

"अहो, थंडीचं जरा..." मी म्हणाले.

"वयनी," हरिभाऊ कळवळून म्हणाले, "पोरीला खेलवायची व्हती का तलायची?"

गुण रद्द झाले. अंग धुऊन आलीस तरच खेळ, असं पंचांनी मैथिलीला बजावलं. सानिकाने वडापावच्या गाडीवरून भांड्यांचा साबण मागून आणला आणि नळाखाली तिला खसाखसा घासलं. मी मदतीला गेले, तर दोघी एकदम ओरडल्या, "तू लांब थांब!" "काकू, हात लावू नका!" महिन्याभरात पहिल्यांदाच दोघी एकसुरात बोलल्या होत्या. मला रडू आलं, आणि रागही आला.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. त्याबद्दल घरात अजून कुणी मला बोललेलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

सानिका कथकलाच जाते, मैथिली कबड्डीलाच. रिक्षाही आता वेगळ्या. पण रविवारी संध्याकाळी दोघी जिन्यात अर्धा तास बसतात. आवड वेगळी, मैत्रिणी वेगळ्या, मग एवढं बोलतात तरी काय? परवा मी दाराला कान लावला. सानिका माझी नक्कल करत होती, आणि माझी लेक तिच्या चुका सुधारत होती!

"असं नाही गं! आई भांडायला बाहेर पडते ना, तेव्हा आधी ओढणी कमरेला खोचते."

दोघी जिन्यात लोळून हसल्या. माझं डोकंच फिरलं. आता दोघींना चांगलं फैलावर घ्यायचं, म्हणून मी तावातावाने दाराच्या कडीला हात घातला, आणि खाली पाहिलं.

ओढणी खोचून झाली होती.