मास्कमागे राहिलेलं वाक्य

बाबा बोलायला लागले की आई त्यांच्या डोळ्यांकडे बघायची नाही, मिशीखाली बघायची. नव्या माणसाला वाटायचं, या बाईला नवऱ्याच्या मिशीचं काय एवढं कौतुक! कौतुक होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. आईला ऐकू येत नाही. मी लहान असताना कसल्याशा तापात तिचे कान गेले, आणि तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचते. कानाचं मशीन आणून झालं. "कानात माशी कोंडल्यासारखं वाटतं," म्हणून तिनं ते डबीत घातलं आणि डबी कपाटात साड्यांखाली गेली.

घोडेगावच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये उघडं अंगण. पणजोबा राजस्थानातून आले होते. आता आमच्यात मारवाड उरलाय तो पापडात, लोणच्यात आणि संवत्सरीत. बाकी आम्ही इथलेच. मी लग्न केलं नाही. "हिनं दुकानाशीच लग्न लावलंय," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी डोळे वटारले की मीटरपट्टी उचलून घाईघाईनं कुठलं तरी कापड मोजायला लागायचे.

आई बसायची ब्लाउजपिसांच्या कप्प्यापाशी. बाजारच्या दिवशी तळेघरकडच्या बाया डोंगरावरून खाली उतरत, लुगडी उलगडून बघत, "लई म्हाग हाय बया," म्हणत पायऱ्या उतरत, आणि रस्त्यापलीकडे भेळवाल्याच्या गाडीशी उभ्या राहून आपसांत कुजबुजत. आई ते इथं बसून वाचायची. "हिरवं पसंत आहे त्यांना. येतील परत, तुम्ही भाव धरून ठेवा," ती बाबांना सांगायची. त्या परत यायच्या, आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. एवढ्या लांबचं ऐकणारा धडधाकट कान आमच्या पेठेत एकही नव्हता.

मग करोना आला आणि आईच्या दृष्टीनं सगळी पेठ मुकी झाली. टाळेबंदी उठल्यावर दुकान उघडलं, तेव्हा ती नेहमीसारखी येऊन बसली. दिवसभर मास्कवाल्या माणसांकडे नुसती बघत राहिली. एका बाईनं पोपटी मागितलं, आईनं जांभळं काढून दिलं. ती बाई हसली असावी. दुसऱ्या दिवसापासून आई दुकानात आली नाही.

निदान घरी तरी बाबांनी मास्क काढावा की नाही? पण त्यांनी फार धसका घेतला होता. आईला शुगर. आणि ते स्वतः दिवसभर गल्ल्यावर, दहा गावच्या माणसांत. त्यांनी आपली गादी तागे रचलेल्या मागच्या खोलीत नेली, ताटही तिकडंच नेलं, आणि घरात वावरताना तोंडावरचा मास्क कधी उतरू दिला नाही. साखर संपली, गोळ्या घेतल्या का, असलं सगळं खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहून चालायचं. पण पुठ्ठ्यावर माणूस कामाचंच लिहितं. बिनकामाचं बोलणं घरातून उठलं आणि आईला हवं होतं नेमकं तेच.

आता आमची एक रीत सांगायला हवी. आम्हा जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. संध्याकाळी तोंडाला मुहपत्ती, म्हणजे पांढरी घडीची पट्टी बांधून प्रतिक्रमणाला बसायचं, वर्षभराच्या चुका आठवायच्या. मग मुहपत्ती सोडायची आणि एकेकासमोर हात जोडून "खमत खामणा" म्हणायचं. मी क्षमा करतो, मला क्षमा करा. पुष्कळ घरांत एवढ्यावर भागतं. आमच्याकडे भागत नसे. कशाबद्दल, तेही तोंडानं सांगावं लागे. लिहून दिलेलं चालत नसे. एका संवत्सरीला बाबांनी आईची माफी मागितली, की मी तुझ्या भावाला उधळ्या म्हणालो. आपल्या भावाला हे उधळ्या म्हणतात, हे आईला त्या दिवशीच कळलं! माझं दरवर्षीचं कलम ठरलेलं: तोंड फार चालतं. समोरच्यानं "खमावलं" म्हणायचं, आणि एकदा खमावलं की ती गोष्ट जन्मात पुन्हा काढायची नाही. भांडणात बाबा जुनं काही उकरायला लागले की आई एक बोट वर करायची. "ते खमावलंय."

करोनाच्या पहिल्या वर्षी आमचं प्रार्थनेचं स्थानक बंद होतं, म्हणून प्रतिक्रमण घरीच केलं. ते संपलं आणि मंचरच्या काकांचा खमत खामण्याचा फोन आला. मी तो घ्यायला दुकानात गेले. बाबांनी मुहपत्ती सोडली आणि लगेच मास्क चढवला, मीच ब्लाउजपिसाचा शिवलेला, निळा. मग ते आईसमोर उभे राहिले. मी परत आले तेव्हा आई "खमावलं" म्हणत होती आणि बाबा डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना आई मला म्हणाली, "काय म्हणाले गं ते काल?"

"म्हणजे? तुला नाही कळलं?"

"नुसतं फडकं हलत होतं. लई वेळ हलत होतं. एवढं कधी बोलत नाहीत ते."

"मग खमावलं कशाला म्हणालीस?"

"रडत होते गं. रडणाऱ्या माणसाला, परत सांगा, म्हणायचं?"

आणि तिनं मला शपथ घातली, की हे त्यांना सांगायचं नाही. न कळता खमावलं म्हटलं, याची तिला लाज वाटत होती. त्यानंतर वर्षभर ती मधूनच अंदाज बांधायची. तिच्या माहेरच्या लग्नाला गेले नव्हते, ते असेल का? की मुलगा हवा होता असं कधी मनात आलं असेल? मी चिडायचे. "एवढं खातंय तर विचार ना!" तर म्हणायची, "खमावलेलं परत कसं काढू?" तिनं स्वतःच घातलेलं कुलूप, आणि किल्ली बाबांच्या मास्कमागे.

दुसऱ्या लाटेत मंचरचे काका गेले. बाबांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी एकावर एक दोन मास्क लावायला सुरुवात केली.

लसीचे दोन्ही डोस आमच्या तिघांचेही झाले आणि पेठेत वाद पेटला. आता मास्क ठेवायचा की काढायचा? निम्म्या लोकांचा हनुवटीवर आला होता, काहींचा खिशात. आमच्या दुकानात तर रोज सभा. एका दुपारी तळेघरची एक म्हातारी आमच्याकडे आली होती. तिचं लुगडं आमच्याशिवाय दुसरीकडून येत नाही. ती बाबांकडे बघून म्हणाली, "शेठ, मळणी झाली की आमी बैलाचं मुसकं सोडतो. तुमी कवा सोडणार?"

सगळे हसले. बाबा हसले नसावेत. म्हणाले, "मावशी, सुई मी घेतली ती मला वाचवंल. पण माझ्या तोंडातून घरात काय जातं, ते सुईला काय ठाऊक? आमी मुहपत्ती काय स्वतःसाठी बांधतो? हवेतल्या जीवांना आपला उपद्रव नको म्हणून बांधतो. ज्या जीवांना कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी बांधायची, आणि घरच्या माणसासाठी नाय?"

बोलणं बिनतोड होतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझं दरवर्षीचं कलम जागं होतं.

"घरच्या माणसाचेही डोस झालेत, बाबा! घरच्या माणसाला तुमचं तोंड बघून वर्ष झालं. तुम्ही तिला जपताय की कोंडताय?"

"जगली तर बघंल तोंड."

"आणि गेल्या संवत्सरीला तुम्ही काय बोललात, त्यातलं तिला एक अक्षर कळलेलं नाही! नुसतं फडकं हलताना दिसलं तिला. उगीच खमावलं म्हणाली."

शपथ मोडली होती. म्हातारी लुगड्याची घडी घालू लागली. बाबा हातातला ताग्याचा पुठ्ठा तसाच धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे ते तसंच राहिलं?"

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना आपली क्षमा झाली असं वाटत होतं, आणि वर्षभर ती झालेलीच नव्हती. आमच्या माणसाला याहून मोठा धक्का काय द्यायचा?

पुढे संवत्सरीपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मास्कही काढला नाही. मी आईला सगळं सांगून टाकलं. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून संवत्सरीसाठी आपली मोतिया रंगाची साडी काढून उन्हाला टाकली.

संवत्सरीला आम्ही तिघांनी प्रतिक्रमण केलं. बाहेर अजून चांगला उजेड होता. बाबांनी मुहपत्ती सोडायच्या आधी आईला खूण केली, इथंच बस. मग उठले आणि अंगण ओलांडून पार पलीकडे, दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आई घराच्या उंबऱ्यात. मध्ये धुण्याचा दगड, तुळस, दोरीवरचे टॉवेल. त्यांनी दोरीवरचे टॉवेल बाजूला सारले. मग मुहपत्ती सोडली आणि घडी करून खिशात ठेवली. मास्क लावला नाही.

मिशी पांढरीशुभ्र झाली होती. मास्कमागे कोण बघतंय म्हणून त्यांनी कलप लावणं सोडलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आई खुदकन हसली. मग त्यांनी हात जोडले, आणि ती हसायची थांबली.

ते बोलू लागले. आवाज न काढता. आईला आवाज लागत नाही, नुसते ओठ लागतात, आणि ओठ रस्त्यापलीकडचे असले तरी चालतात. एवढं साधं आम्हाला वर्षभर सुचलं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये, धुण्याच्या दगडापाशी उभी होते, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. बाबांची मिशी हलत होती, मान मधेच खाली जात होती, एकदा त्यांनी छातीवर हात ठेवला. लई वेळ बोलले. आई बघत होती. दुकानात बसून पेठ वाचायची तशी, पुढे झुकून, डोळे बारीक करून.

"खमावलं," ती म्हणाली. आणि मग, "दोन्ही वर्षांचं."

बाबांनी खिशातून मास्क काढून लावला, अंगण ओलांडून परत आले, आणि माझ्यापुढे हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "तुझं ऐकलं नाही नीट, खमत खामणा." मी माझं नेहमीचं कलम सांगितलं. "या वर्षी ते कामाला आलं," ते म्हणाले.

पुढे मास्क सगळ्यांचेच सुटले. बाबांचाही सुटला, गादी आणि ताट घरात आलं, कलप पुन्हा आला. आई ब्लाउजपिसांपाशी बसू लागली. मला वाटलं, आता काय, वेळच वेळ आहे. दोन हिवाळ्यांनी बाबा गेले. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या, हृदयाच्या झटक्यानं. आता जुने फोटो काढले तर त्या काळातल्या प्रत्येक फोटोत निळं फडकं, वर दोन डोळे. मला त्या दोन वर्षांचे बाबा हवे आहेत. त्यांचा हट्ट, ती सभा, माझा चढलेला आवाज, त्यांचं "नाय", सगळं परत हवं आहे. काढा म्हणून पुन्हा भांडेन, आणि त्यांनी नाही काढला तरी चालेल.

त्यांच्यामागे आई अजून दुकानात बसते. गिऱ्हाईक नसलं की तिची नजर गल्ल्याकडे जाते, माणसाच्या मिशीच्या उंचीला.

गेल्या संवत्सरीला आम्ही दोघीच होतो. खमत खामणा झाला. उजेड होता म्हणून अंगणात बसलो, आणि मला राहवलं नाही. तिला दिसेल असं समोर तोंड करून मी विचारलं, "आई, बाबा त्या दिवशी काय बोलले होते? आता तरी सांग."

तिनं एक बोट वर केलं.

"ते खमावलंय."

"अगं, पण मला..."

ती दुकानाच्या मागच्या दाराकडे बघत होती. मग तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ, लई वेळ. माझी नजर ओठांवर खिळलेली तिला कळली, तेव्हा तिनं हळूच पदर ओढला आणि तोंडावर धरला.