हात लावण्याआधीचा शब्द

भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेले शरणप्पा बुद्धिबळ शिकवायचे ते शब्दांपासून. शह म्हणजे राजावर आलेला हल्ला, मात म्हणजे त्याला पळायला घरच उरलं नाही. जोर म्हणजे आपल्या मोहऱ्याच्या पाठीशी आपलंच दुसरं मोहरं. पाठीशी कुणी नसेल ते बिनजोर. एवढं तोंडपाठ झाल्याशिवाय ते पटाला हात लावू देत नसत.

तीस वर्षांपासूनचा त्यांचा खेळातला जोडीदार म्हणजे सोमशेखर शिंपी. रोज संध्याकाळी सोमशेखरच्या दुकानाच्या ओट्यावर डाव बसायचा. मोहरं घरात नीट बसवायचं असेल तर हात लावण्याआधी ‘सावरतो’ म्हणावं लागतं. नाहीतर हात लावला तेच मोहरं चालायचं, असा नियम. दोघांच्याही घरात कन्नड, त्यामुळे ते ‘सरी माडतीनि’ म्हणत. नीट करतो, एवढाच अर्थ. मी शेजारी, हजारदा ऐकलंय.

गेल्या वर्षी ज्येष्ठांची जिल्हा स्पर्धा झाली. राज्य स्पर्धेला एकच जण जाणार होता आणि शेवटच्या डावाला हेच दोघे समोरासमोर आले. शरणप्पांना ती जागा हवी होती. जन्मात त्यांनी कशाची एवढी आस धरलेली मी पाहिली नव्हती. नवा सदरासुद्धा शिवून घेतला होता, तोही सोमशेखरकडूनच.

डाव शरणप्पांच्या हातात होता. आपल्या चालीला त्यांना वजीर जरा कडेला सरकलेला दिसला. सवयीने ‘सरी माडतीनि’ म्हणाले आणि तो सरळ केला. सोमशेखरने लगेच पंचांना बोलावलं. वजिराला हात लावलाय, आता वजीरच चालायला लावा, म्हणाला. पंच नगरकडचे, त्यांना कन्नड कळत नव्हतं. हे आधी काही बोलले का, असं त्यांनी सोमशेखरला विचारलं. मला वाटलं, आता हसून सोडून देईल.

"काय बोलले न्हाईत," पटावरची नजर न काढता तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून ओरडलो, तर प्रेक्षकांनी बोलायचं नसतं म्हणून पंचांनी मलाच बाहेर काढलं. वजीर हलवावा लागला, राजासमोरच्या प्याद्याला असलेला त्याचा जोर सुटला आणि दोन चालींत मात झाली.

सोमशेखर राज्याला जाऊन पहिल्याच फेरीत हरून आला. बरं झालं, असं मी उघड म्हणतो. शरणप्पा तेवढंही म्हणत नाहीत. ओट्यावर जाणं त्यांनी सोडलं. जागा गेल्याचं दुःख विसरेन, पण त्याला ऐकू आलं होतं हे कसं विसरू, असं एकदाच माझ्याकडे बोलले.

हल्ली ते नातीला, शिवानीला शिकवतात. परवा ‘सावरतो’ची पाळी आली. मराठीत म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि पंचांकडं बघून म्हणायचं, असं त्यांनी तिला बजावलं.

"आणि समोर माझी मैत्रीणच असली तर?" तिनं विचारलं.

"मग दोनदा म्हनायचं," शरणप्पा म्हणाले.