खिशातला प्लग

आमच्या घरमालकांनी जन्मात कधी कुणाला "गाडी येईल" असं सांगितलं नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही जरा अडचणीचीच गोष्ट. लोक विचारायचे, "कोल्हापूर गाडी कधी येईल हो?" हे चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "तिकडून निघाल्ये म्हणतात. पोचली की पोचली म्हणायचं." एखादा तापट प्रवासी चिडून म्हणायचा, "मग तुम्ही इथे बसलाय कशाला?" त्यावर हे अगदी मनापासून उत्तर द्यायचे, "निघाल्ये, एवढं सांगायला."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. कुलूप लावून ओढून बघणारी, फाटकापर्यंत जाऊन परत येणारी आणि पुन्हा ओढून बघणारी. आमचे घरमालक त्यांतले मुकुटमणी. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत माझी सांगलीहून बदली झाली आणि माळनाक्यामागे त्यांच्या घरातल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आवारातून फिरवलं. "ह्या माडाखालून जाऊ नका, नारळ तयार झालेत. त्या माडाखालून चालेल, पण वर बघत जा. वर बघताना पायाखाली चिरा आहे तो सांभाळा. विहिरीवर एकटे जाऊ नका." मी बिऱ्हाड उलगडावं की परत सांगलीची गाडी धरावी, या विचारात पडलो.

ही चिंता जन्मजात नव्हती हे मला पुढे कळलं. त्यांचे थोरले भाऊ हातखंब्याच्या उतारावर मोटारसायकलवरून पडून गेले होते. मागे राहिली वहिनी आणि तिचा लहानगा सुधीर. यांनी स्वतः लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "ह्या दोघांची काळजी करतानाच दिवस पुरत नाही." सुधीर शाळेत जायचा तेव्हा हे अर्ध्या वाटेपर्यंत त्याच्या मागे मागे चालायचे म्हणे, त्याला दिसणार नाही असे.

ती मोटारसायकल मात्र घरातच होती. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घरमालकांच्या वडिलांनी घेतलेली, काळी, अंगाने जाडजूड. वडिलांनी चालवली, मग थोरल्याने चालवली. तो गेल्यावर ती विकावी की ठेवावी हे ठरेना, म्हणून गावी जाऊन देवीला कौल लावला. "विकू का?" म्हणून विचारलं, आणि पाकळी पडली डावीकडे. म्हणजे नको. चालवायची तर कुणाची छाती नव्हती. तेव्हा गाडी गेली गोठ्यात, आणि गाईगुरं गेल्यावरही झावळ्यांखाली तिथेच राहिली. खाऱ्या हवेने तारा गंजल्या, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला, सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं.

सुधीर मोठा झाला, औषधांच्या एका वितरकाकडे त्याला नोकरी लागली. बॅग घेऊन पाली, लांजा, राजापूर अशी फिरती. तेव्हा नवी स्कूटर नोंदवायची आणि मग विसरून जायची, इतकी वाट बघावी लागे. एका संध्याकाळी तो सरळ म्हणाला, "बाबांची गाडी आहे की. ती करू या चालू." 

पडवीत घरमालकांनी हातातला पेला खाली ठेवला. मग वहिनी आतून म्हणाल्या, "करायची तर भाऊजींनी करावी. बाहेर गॅरेजात द्यायची नाही."

दुसऱ्या रविवारी हे गावी गेले, पुन्हा देवीला विचारायला. गाडी दुरुस्त करू नये असं देवी सांगेल याची त्यांना खात्री होती. पाकळी पडली उजवीकडे. यांनी शब्द फिरवून पुन्हा विचारलं. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा विचारायला लागले तेव्हा गुरव वैतागला, "मालक, देवीला एकच गोष्ट कितींदा विचाराल?" परत आल्यावर मला म्हणाले, "देवीसुद्धा पोराच्याच बाजूची निघाली."

मग गाडी खोलायला घेतली. लहानपणी वडिलांच्या हाताखाली पुसापुशी केली होती, तेवढ्याच भांडवलावर हे बसले. इंजिन जाम होतं, त्यात रॉकेल ओतून मुरत ठेवायचं. हे काम त्यांना फार आवडलं, कारण त्यात काही करायचं नव्हतं. रोज कामावर जाताना वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मुरू दे." चाकाची एकेक तार काढून घासली. ब्रेक तर तीनदा नवे बसवले. जे जमत नसे त्यासाठी मिरकरवाड्याहून कादरभाई यायचे. ते मुळात लाँचची इंजिनं दुरुस्त करणारे. ते म्हणायचे, "सगले इचारतात, कादरभाय, चालू कधी होल? ह्यो पयला मानूस, जो इचारतो थांबल कशी."

सुधीर रोज कामावरून आला की आधी गोठ्यात डोकवायचा. "काका, झाली?" "होत आल्ये." "काल पण होत आली होती." "काल वेगळी होत आली होती, आज वेगळी," हे म्हणायचे आणि मान खाली घालून पुन्हा काहीतरी सोडवायला घ्यायचे. मला हसू यायचं. पण त्यांच्या मानेवरची शीर बघितली की ते जिरून जायचं. हा माणूस खरोखर घाबरलेला होता. गाडीचा एकेक भाग चकचकीत होत होता आणि हे दिवसेंदिवस वाळत चालले होते.

त्याच सुमारास त्यांच्या सदऱ्याचा खिसा जड दिसायला लागला. एकदा खिडकीपाशी मी विचारलं, काय बाळगता एवढं? त्यांनी फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून दाखवली. मोटारसायकलचा प्लग होता. "गाडीत ठेवला तर दमट हवेनं खराब होतो," म्हणाले, आणि लगेच पुढच्या माणसाला देवरूख गाडीचं सांगायला लागले.

दोन-तीन दिवसांनी बंदरावर मासळी घेताना कादरभाई भेटले. म्हटलं, गाडीचं कुठवर आलं? ते माझ्याकडे बघतच राहिले. "अवो, गाडी संक्रांतीलाच तयार झाली. एका लाथंत चालू होते. तुमचा मालक ती खोलतो नि परत जोडतो. मी काय बोलू? त्याचा थोरला भाव गेलाय तिच्यावरनं." मग पापलेटाकडे बघत म्हणाले, "आमच्यात बी दर्यात मानूस गेला की होडी तशीच ठेवतात काही जन. पन पोर मोठा झाला का तोच होडी वडतो."

हे मी कुणाला सांगावं, या विचारात होतो. वहिनींना सांगावं असं ठरवून मी विहिरीकडे गेलो. त्या धुणं धुवत होत्या. घरमालकांचा सदरा भिजवायच्या आधी त्यांनी खिशात हात घातला, प्लग काढला, पदराने पुसला आणि कठड्यावर नीट ठेवला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"त्यांना बोलू नका हो," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं, मला माहीत नाही. इस्त्री झाली की मी परत खिशात ठेवते."

त्या पुढे म्हणाल्या, "पोराला मी नाही कशी म्हणू? बाप मेला त्या गाडीवर, म्हणून त्याला जन्मभर पायी चालवू? आणि हो तरी कशी म्हणू? गॅरेजात दिली असती तर आठवड्यात झाली असती. म्हणून तर भाऊजींकडे दिली." एवढं बोलून त्यांनी सदरा धोंडीवर आपटायला घेतला.

आता तुम्हीच सांगा, एका पोराला घरी ठेवण्यासाठी दोन मोठी माणसं एकमेकांपासून एवढासा प्लग लपवत होती, आणि मी भाडेकरू मध्ये. मी गप्प बसलो.

पण असला प्लग काय, कुठल्याही दुकानात मिळतो. एका सकाळी सुधीरने नवा आणला, घातला आणि लाथ मारली. मी ऑफिसला निघण्याच्या तयारीत होतो. आवाजाने कौलांवरचे कावळे उडाले. वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती. त्या फाटक धरून उभ्या राहिल्या. आवाज ऐकू येईनासा झाल्यावर मला म्हणाल्या, "जरा स्टँडवर जाऊन भाऊजींना सांगाल?"

मी सांगितलं. त्यांनी खिशातून प्लग काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो टेबलावर ठेवला. मग खिडकी तशीच उघडी टाकून बाहेर आले. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी ते बाहेर आलेले कुणी पाहिले नव्हते. पालीकडून एक गाडी फलाटाला लागत होती. हे ड्रायव्हरच्या दाराशी गेले. "काळी मोटारसायकल दिसली का वाटेत? पोरगा आहे, निळा शर्ट." ड्रायव्हर म्हणाला, "नाय वो काका." पुढची गाडी आली, पुन्हा तेच. रांगेतली माणसं ओरडत होती, चिपळूण गाडीचं काय, मालवण गाडीचं काय. यांच्या कानात काही शिरत नव्हतं. शेवटी राजापूरहून आलेला ड्रायव्हर खाली उतरता उतरता म्हणाला, "काळी मोटारसायकल ना? पालीला च्या पीत होता. बरा हाय." हे तिथेच बाकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. म्हणजे हातखंबा पार करून पोरगा पुढे गेला होता.

संध्याकाळी सुधीर परत आला. आता जुंपणार म्हणून मी दार लोटून घेतलं, पण काहीच ऐकू आलं नाही. फटीतून पाहिलं तर हे गाडीपाशी उकिडवे बसून मागच्या ब्रेकला हात लावून बघत होते. "तापलाय," म्हणाले. "म्हणजे दाबत होतास."

"हो, काका."

"दाबत जा," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या दिवसापासून स्टँडवर एक नवाच रिवाज पडला. पालीकडून येणारा ड्रायव्हर गाडी लावली की आधी चौकशीच्या खिडकीशी यायचा. "काका, लांज्यात होता." "काका, ओणीला भेटला, हात केलान." यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, ड्रायव्हरांनी आपणहून सुरू केलं. इतकी वर्षं त्यांच्या गाड्यांची काळजी करणारा माणूस, त्याची काळजी त्यांनी वाटून घेतली असेल. हे घरी आले की चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, "वहिनी, पालीपर्यंत आलाय." आतून "बरं" एवढंच यायचं, आणि मग चुलीवर भात चढायचा. काळजी काही संपली नाही, पण तिला थांबे मिळाले.

ही दोन-तीन वर्षं त्यांना त्यातल्या त्यात सुखाची गेली, असं मला वाटतं.

मग एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, जेवून पडवीत बसलेले असताना "जरा पडतो" म्हणाले आणि उठलेच नाहीत. शेजारचे डॉक्टर येऊन गेले. वहिनी त्यांच्या उशाशी बसल्या. डोळे कोरडे. बायका म्हणत होत्या, रडा हो, मोकळ्या व्हा. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुधीर राजापूरला आहे. त्याला कळलं तर तो गाडी पळवत येईल. हातखंब्याच्या उतारावर..." राजापूरच्या दुकानात ट्रंक कॉल लावता आला असता, पण नेमकं तेच नको होतं.

मी स्टँडवर गेलो. बातमी ऐकून सगळे ड्रायव्हर फलाटावर गोळा झाले. राजापूरला सुटणाऱ्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मी सांगतंय. काय सांगायचं ता माजा मी बघतंय."

पुढचं मला सुधीरने नंतर सांगितलं. तो परतीला लागला होता. लांज्याच्या अलीकडे समोरून ती गाडी आली, रस्त्यात थांबली आणि म्हातारा खाली उतरला. "घरी चाललास? जा. सावकाश जा," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने दुसरी गाडी आली, तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला, "सावकाश रे बाळा." "तेव्हाच मला कळलं," सुधीर म्हणाला. "हात आपोआप वेग वाढवायला लागला." पण पालीच्या थांब्यावर रत्नागिरीची एक गाडी उगाचच उभी होती. हा दिसताच ती सुटली आणि याच्या पुढे लागली. याने हॉर्न वाजवला, ती बाजू देईना. उजवीकडून काढायला गेला तर ती उजवीकडे सरकली. मागच्या काचेतून कंडक्टर हात खालीवर करून सांगत होता, हळू, हळू. हातखंब्याच्या उतारावर ती गाडी रस्त्याच्या मधोमध बैलगाडीच्या चालीने उतरली, आणि तिच्या मागे सुधीर, शिव्या घालत, रडत. गाडीतला एकही प्रवासी उशिराबद्दल बोलला नाही म्हणे.

इकडे माणसं जमली होती. उजेड आहे तोवर न्यायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. वहिनी नुसत्या नको म्हणून मान हलवत होत्या. दिवस कलला तेव्हा माळनाक्याकडून तो आवाज यायला लागला, एका लयीत, अजिबात घाई नसलेला. गाडी फाटकाशी आली, थांबली, इंजिन बंद झालं. तेव्हा वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या. "भाऊजी, सुधीर आला," म्हणाल्या, आणि मग रडल्या.