चिमूटभर कमी

सिनेमाचा शेवट अर्धवट सोडणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. तिकिटाचे पैसे पूर्ण घेता, मग गोष्ट अर्धी का देता? कादंबरी हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते आणि मग निवांत सुरुवात करते. माझा भाऊ याच्या अगदी उलट. ज्याचा शेवट कोणालाच कळला नाही तो सिनेमा त्याच्या लेखी थोर. तो पुण्याला नोकरी करतो आणि सुटीत गावी आला की असलं काहीतरी लॅपटॉपमध्ये भरून आणतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही दोघं सानगडीला घरी जमलो, तेव्हा त्यानं आणलेला सिनेमा स्वप्नांचा होता. त्याच्या शेवटावरून घरात जो वाद पेटला, तो थेट लग्नाच्या मांडवात जाऊन पोचला.

आधी बाबांविषयी सांगायला हवं. बाबांची नोकरी चिखल्याच्या खाणीत गेली, जमिनीखाली. तिथं जेवणाच्या सुटीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे आणि प्रत्येकाच्या घरची भाजी प्रत्येकाच्या तोंडात जायची. तिथंच त्यांची जीभ तयार झाली असावी. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांना एक मान आपोआप मिळाला. लग्न असो, बारसं असो, भाजीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरण्याआधी आचारी निरोप धाडायचा, ‘‘काकाजीले बोलवा, मीठ पाहाले.’’ बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून जायचे, तळहात पुढे करायचे. आचारी त्यावर पळीनं थोडा रस्सा टाकायचा. बाबा फुंकर मारून तो जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल शेवटचा. त्यांचा तो रुबाब पाहून मला लहानपणापासून हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

घरी मात्र निकाल एकच असायचा. पहिला घास घेतला की बाबा म्हणणार, ‘‘चिमूटभर कमी आहे, वो.’’ आई न बोलता मिठाची वाटी त्यांच्या ताटाकडे सरकवणार, जरा जोरानंच. लग्न झाल्यापासूनचं हे भांडण. आम्हा भावंडांना वाटायचं, भाजी कशीही झाली तरी बाबांना तेवढं म्हटल्याशिवाय जेवण जात नाही.

मग बाबांना एक वाईट ताप येऊन गेला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार. नाहीच आली. बाबांनी घरात हुकूम काढला की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. तेव्हापासून मांडवातून बोलावणं आलं की कधी ते साकोलीला गेलेले असायचे, कधी त्यांची कंबर धरलेली असायची. आणि घरी प्रत्येक जेवणाला म्हणायचे, ‘‘मस्त झालं.’’ त्या ‘मस्त’नं आईचा जीव जायचा. एकदा चुलीपुढे बसून ती मला म्हणाली, ‘‘आता कोणासाठी रांधू? भिंतीसाठी?’’ मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले.

आणि आता लग्न होतं ते भिंतीला भिंत लागून असलेल्या घरचं. नवरी आमच्याच अंगणात रांगली होती. तिच्या वडिलांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘दादा, माह्या पोरीच्या लग्नात मीठ तुमीच पाहाल.’’ इथं ना साकोली चालणार होती, ना कंबर.

अशा घोरात असलेल्या घरात माझ्या भावानं दुपारी कूलर लावून, टीव्हीला लॅपटॉप जोडून तो सिनेमा सुरू केला. हिंदीत बोलणारा परदेशी सिनेमा. एक शास्त्रज्ञ असतो. त्याची बायको झोपेवरच्या एका प्रयोगात झोपते ती जागीच होत नाही. तिला शोधायला तोही यंत्रात झोपून तिच्या स्वप्नात शिरतो. स्वप्नं इतकी खरी की त्यात पाऊस भिजवतो, काटा बोचतो, फुलाला वास येतो. मग आपण स्वप्नात आहोत की जागे, हे ओळखायचं कसं? त्याची एकच खूण. स्वप्नात मिठाची चव लागत नाही. म्हणून तो खिशात मीठ बाळगतो आणि सारखा खडा जिभेवर ठेवून पाहतो.

हे वाक्य पडद्यावर आलं आणि आम्ही सगळे बाबांकडे वळलो. भाऊ बिचारा ओशाळला. त्यानं सिनेमा आधी एकदा पाहिला होता, पण हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याच्याकडे जसं पाहायचं तसं पाहिलं.

बाबाच बोलले. ‘‘म्हणजे मी कवापासून झोपून आहो म्हणायचं?’’

आम्ही हसलो. आई हसली नाही.

शेवट असा होता. बायको सापडते, दोघं त्या यंत्रातून उठतात, घरी येतात. घर, खिडकी, जेवणाचं टेबल. बायको त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवते. तो चमचा भरतो, ओठांपर्यंत नेतो. चमचा ओठांना लागतो आणि पडदा काळा. नावं सुरू.

‘‘हे काय?’’ मी ओरडले. ‘‘पुढचं कुठाय?’’

‘‘हेच तर आहे,’’ भाऊ खुशीत म्हणाला. त्याचं म्हणणं, तो अजून स्वप्नातच आहे. खिडकीतली सावली पहिल्या स्वप्नातल्यासारखीच पडली होती म्हणे. मी म्हटलं, अरे, त्याची दाढी वाढलेली होती, स्वप्नात कोणाची दाढी वाढते का? मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सावली तीच होती आणि दाढीही वाढलेली होती. आम्ही लहान असताना आंब्याच्या कोयीवरून भांडायचो तसे भांडलो.

शेवटी भावानं आईला पंच केलं. ‘‘आई, तूच सांग. तो जागा आहे का झोपेत?’’

आई तांदूळ निवडत होती. सुपातून वर न पाहता म्हणाली, ‘‘तुमी दोघं चमच्याकडेच पाहून राहिले. तो कोणाकडे पाहून राहिला, ते पाहा.’’

आम्ही पुन्हा मागे नेलं. खरंच, चमचा ओठांशी होता आणि त्या माणसाचे डोळे चमच्यावर नव्हतेच. ते समोर बसलेल्या बायकोवर होते.

‘‘मग त्यानं काय ठरते?’’ भावानं विचारलं.

‘‘त्याले चव लागो का नाही लागो, तो मस्तच म्हणीन,’’ आई म्हणाली. ‘‘तिच्या तोंडाकडे पाहून म्हणीन. अन् तिले जनमभर काही समजणार नाही.’’

एवढं बोलून ती तांदळाचं सूप घेऊन आत गेली. बाबा उठले आणि एवढ्या उन्हात अंगणात जाऊन उभे राहिले. मला त्या सिनेमाचा, भावाचा आणि कूलरच्या आवाजाचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी जाहीर केलं, ‘‘मी मीठ पाहाले जात नाही. कंबर दुखते म्हणून सांगा.’’

‘‘जीभ काय कंबरेत असते?’’ आईनं विचारलं.

‘‘मंग काय करू? पोरीच्या लग्नाची भाजी नासवू? वऱ्हाडाले अळणी जेवू घालू का खारट? अन् लोकाइले समजलं तं?’’ बाबांचा आवाज चढला होता, पण चिडलेला नव्हता. घाबरलेला होता. खाणीत उतरणारा माणूस मी घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

आई त्यांच्यापुढे बसली. ‘‘ऐका जी. तुमी जायचं. मी बायांमधी भाजी चिरायले राहीनच. तुमच्या आधी मी चाखून घेईन. माहा पदर डोक्यावर असला तं मीठ बरोबर. खांद्यावर असला तं कमी. तुमी हात पुढे करा, तोंडात घ्या अन् माह्याकडे पाहा. संपलं.’’

‘‘अन् तू चुकली तं?’’

‘‘इतकी वर्षं तुमीच म्हणून राहिले ना, मी चुकते म्हणून? एक डाव आणखी चुकीन.’’

लग्नाच्या सकाळी मांडवामागे चुलीवर आलू-वांग्याचा मोठा गंज रटरटत होता. आत लग्नाच्या बुद्धवंदनेची तयारी चालली होती, वंदना सुरू होण्याआधी भाजी उतरायला हवी होती. मी मुद्दाम कांदे कापायला आईजवळ जाऊन बसले. आईनं सांबार, म्हणजे चिरलेली कोथिंबीर, द्यायच्या निमित्तानं गंजापाशी जाऊन आचाऱ्याकडून रस्सा मागून घेतला, चाखला, परत आली आणि डोक्यावर पदर घेतला. मीठ बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला.

निरोप गेला. बाबा आले. तोच धुतलेला पांढरा सदरा, तीच चाल. नवरीचे वडील सोबत होते, दोन-चार मंडळी उगाच पाहायला उभी राहिली. बाबांनी तळहात पुढे केला. आचाऱ्यानं रस्सा टाकला. बाबांनी फुंकर मारली, हात तोंडाशी नेला आणि आईकडे पाहिलं.

मला तिथं कांद्याच्या ढिगापुढे एकदम तो पडदा आठवला, ओठांशी आलेला चमचा आणि ते डोळे. हुबेहूब. आईनं त्या दिवशी सिनेमातल्या माणसाला बाबांवरूनच ओळखलं होतं, हे मला तेव्हा कळलं. घरी रोज ‘मस्त’ म्हणताना बाबा असेच पाहत असणार. आणि तिला सगळं समजत होतं.

आईचा पदर डोक्यावर नीट होता. बाबांनी तो पाहिला. डोळे मिटले. उघडले.

‘‘कमी आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘मूठभर टाका आणखी.’’

आईच्या हातातलं वांगं खाली पडलं. तिनं पदर जरा पुढे ओढला, मग आणखी पुढे ओढला, घुंघट होतो की काय इतका. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आचाऱ्यानं मूठ भरून मीठ टाकलं, पळा फिरवला आणि गंज उतरवला. आई माझ्या कानाशी पुटपुटली, ‘‘गेली भाजी. गेली इज्जत.’’ मी तिचा हात धरून बसले आणि वंदनेला आम्ही दोघी चक्क उशिरा उभ्या राहिलो.

पंगत बसली. माझ्या पत्रावळीवर भाजी पडली. घास उचलला, पण तोंडात घालवेना. भाऊ समोरच्या ओळीत माझ्याकडेच पाहत होता, त्याचाही घास हातातच. मग मी डोळे मिटून खाल्ला.

भाजी फक्कड झाली होती. मीठ इतकं बरोबर की त्याचा विचारच मनात येऊ नये. पलीकडचा म्हातारा वऱ्हाडी दुसऱ्यांदा रस्सा मागत होता. नवरीच्या वडिलांनी येऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा बाबांनी नेहमीसारखी मान हलवली, यात काय विशेष अशी.

घरी येईपर्यंत आई भरभर पुढे चालत होती. दार लावल्याबरोबर फुटली. ‘‘माह्या पदराले काही किंमत? बरोबर म्हणून सांगितलं होतं ना मी? काहून मूठभर टाकाले लावलं?’’

बाबा सदऱ्याची बटणं काढत होते. ‘‘तुले बरोबर लागलं, म्हणूनच.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुले जे बरोबर लागते ते थोडं कमीच असते. घरच्या गंजीत चिमूटभर, एवढ्या मोठ्या गंजात मूठभर. माही जीभ गेली, पण तुही मले पाठ आहे ना.’’

आई हातपाय धुवायला गेली, ती बराच वेळ आली नाही. भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘ताई, सिनेमातला तो जागा आहे. सूप खाऊन तो सांगेल, नेहमीसारखं झालं की नाही.’’ वादात मी जिंकले होते, पण जिंकल्याचा आनंद घ्यायला मन रिकामं नव्हतं. डोळे भरून आले होते.

संध्याकाळी कोणाला फारशी भूक नव्हती. आईनं नुसता वरण-भात टाकला. बाबांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मी वाट पाहत होते ‘मस्त’ची.

‘‘चिमूटभर कमी आहे, वो,’’ बाबा म्हणाले.

आईनं मिठाची वाटी त्यांच्या ताटाकडे सरकवली, अशी की ती ताटावर आपटून वाजली. मग तिनं आपल्या भाताचा घास घेतला, क्षणभर थांबली, हात लांब करून ती वाटी परत ओढली आणि स्वतःच्या वरणात चिमूटभर मीठ टाकलं.