दुभाषी काकांचं बंद पाकीट

शेजारच्या काकांनी ताईसाठी दिलेलं शिफारसपत्राचं बंद पाकीट मी फोडलं. चोरून नाही, भाऊ म्हणून हक्काने. माझ्या बहिणीत शेजाऱ्याला कौतुकासारखं काय सापडलं, एवढंच बघायचं होतं. नंतर अर्जावरची सूचना वाचली : ‘शिफारसपत्राचे पाकीट उघडलेले आढळल्यास अर्ज बाद.’

परदेशातली उन्हाळी फेलोशिप. मानवी हक्क, अल्पसंख्याकांचे प्रश्न शिकणाऱ्या वीस जणांसाठी. वयाच्या अटीत बसायचं ताईचं हे शेवटचं वर्ष. अर्ज आजच जायला हवा, कुरिअरवाला चारला शटर ओढतो आणि घड्याळात अडीच वाजलेले.

काका कोर्टात दुभाषी. डोंगरापलीकडच्या लोकांची बोली तिथे दुसऱ्या कुणाला येत नाही. अठ्ठावीस वर्षं ते इतरांचंच बोलत आलेत : “मी चोरी केली नाही.” “मला मारलं.” “शेळी माझीच होती.” काकू म्हणते, “यांचं स्वतःचं मत हवं तर आधी साक्षीदार उभा करावा लागतो.” ताई दोन वर्षं मागच्या बाकावर बसून टिपत होती, त्या लोकांचं म्हणणं न्यायाधीशांपर्यंत किती पोचतं ते.

मी धापा टाकत कोर्टात पोचलो, तर एका म्हातारीची साक्ष चालू. साक्ष चालू असताना दुभाष्याने पदरचा एक शब्द बोलायचा नाही, असा नियम. मी दारातून फाटकं पाकीट हलवलं. काकांनी पाहिलं आणि शांतपणे म्हातारीचं वाक्य पुरं केलं. तीन दहा. म्हातारी रडू लागली. न्यायाधीश थांबले, काका थांबले. घड्याळ तेवढं थांबेना.

साडेतीनला ते बाहेर आले.

“वाचलंस?”

“अर्धंच.”

“म्हणजे मूर्खपणासुद्धा अर्धवटच!”

“काका, नव्या पाकिटात हेच घाला, वर सही ठोका.”

“तू वाचलेलं पत्र बंद म्हणून पाठवू? दुसरं लिहितो.”

ते बाकावर बसले. एक ओळ लिहिली, खोडली.

“काका, लवकर!”

“गप रे. दुसऱ्याचं भराभर येतं. हे माझं आहे.”

पाकीट चिकटवून त्यांनी तोंडावर आडवी सही केली.

“एक अट. ताईला तू सांगायचंस. मी तुझा दुभाषी नाही.”

“आजच सांगतो. शप्पथ!”

शटर अर्ध्यावर आलं होतं. मी वाकून आत घुसलो.

ताई निवडली गेली, गेलीही. दर रविवारी फोनवर विचारते, “काय रे, विशेष काही?”

“छे, काही नाही.”

काका जिन्यात भेटले की भुवया उंचावतात. मी चपलेचा पट्टा नीट करतो. माझ्या चपलेला पट्टा नाही.