केंटच्या वाळवंटातली शेकोटी

नागपूरचा उन्हाळा चुकवायला आमच्याकडे लंडनच्या पिनर उपनगरात आलेल्या सासूसासऱ्यांना मी वाळवंटात नेलं.

यात माझा हेतू अगदी शुद्ध होता. (शुद्ध हेतू हा माझा जुना आजार आहे, असं माझी बायको मृणाल म्हणते.) नाना आणि माई मे महिन्यात आले होते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. माई ती कसर भरून काढणाऱ्या. दोन महिन्यांत त्यांनी पिनरमधली एकूण एक बाग पाहिली आणि "छान आहे" असं एकाच सुरात सांगितलं. तेवढ्यात आमच्या ईराला शाळेची सुटी लागली आणि जावई म्हणून आपण काहीतरी भव्य दाखवलं पाहिजे, असं मला वाटू लागलं. कारण माझ्या साडूनं त्यांना आदल्या वर्षी स्वित्झर्लंड दाखवलं होतं. बर्फावर उभे असलेले नाना मी फोटोत पाहिले होते. चक्क हसत होते!

मग मला ती जाहिरात दिसली. इंग्लंडच्या केंट परगण्याच्या अगदी टोकाला, समुद्रालगत, 'ब्रिटनच्या एकमेव वाळवंटातलं ऐतिहासिक हॉटेल'. मी ताबडतोब तीन दिवसांचं बुकिंग केलं आणि विजयी चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आलो.

"वाळवंट?" मृणाल म्हणाली. "बाबा ऊन चुकवायला इथे आलेत, आणि तू त्यांना वाळवंटात नेणार?"

"अगं, इंग्रजी वाळवंट आहे. निवांत असतं."

"जावईबापू, उंट आहे का तिथं?" माईंनी विचारलं.

"नसेल. पण वातावरण तेच."

या वातावरणाच्या भरात मी सगळ्यांना स्वेटर घ्यायला बंदी केली. नानांनी बॅगेत हळूच सरकवलेली माकडटोपीसुद्धा मी हसत हसत बाहेर काढली. "नाना, डेझर्टला चाललोय आपण!" मी स्वतः पांढरा लिननचा शर्ट, गॉगल आणि गवती हॅट अशा थाटात गाडीत बसलो.

पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की हॉटेल सापडायच्या आधी गाडी त्याच्या पाटीला लागली. दार उघडताच माझी हॅट उडाली आणि फ्रान्सच्या दिशेनं निघून गेली. वारा असा होता, की माईंचा पदर आडवा होऊन ताठ उभा राहिला. त्या वाऱ्यानं धुकं जरा फाटलं. आजूबाजूला मैलोन्‌मैल गारगोट्या, मध्येच एखादं काटेरी झुडूप, आणि धुक्यातून डोकावणारं एक बंद पडलेलं अणुवीज केंद्र.

"हा वाळू नाहीये," ईरानं जाहीर केलं. "हा सगळी दगड आहे." (ईरा इथेच जन्मली. मराठीतली तिन्ही लिंगं ती लॉटरी काढून वापरते.)

नाना दोन्ही हात काखेत घालून उभे राहिले.

हॉटेलची मालकीण मिसेस हॉलिस बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, प्रसन्न मुद्रेनं समोर आली. "लव्हली डे!" ती म्हणाली. मी हीटिंगबद्दल विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिचं वय विचारलं. "बट इट्स जुलै," ती म्हणाली. जुलैत थंडी वाजत नाही, हा या देशाचा अलिखित कायदा आहे, आणि इथे कायदा कोणी मोडत नाही.

हॉटेल मात्र खरोखर ऐतिहासिक निघालं. खिडकी बंद होत नव्हती. ती ऐतिहासिक होती, म्हणून बदलायला परवानगी नव्हती. नळाला आधी फक्त आवाज यायचा, तोही ऐतिहासिक. नाना-माईंचा पलंग तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला होता आणि मधोमध इतका खचलेला, की दोन्ही कडांना झोपलेली माणसं सकाळी मध्यभागी सापडत. "चाळीस वर्षांचा संसार झाला," माई दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाल्या, "पण इतकी जवळीक कधी नव्हती बाई." नानांनी टोस्टमध्ये तोंड लपवलं. त्यांचं नाक लाल झालं होतं. अंगावर त्यांचा शर्ट, त्यावर माईंची शाल आणि त्यावर पलंगाची फुलाफुलांची चादर होती. बाकीचे पाहुणे आपापल्या टेबलावर बसून अतिशय सभ्यपणे त्या चादरीकडे न पाहण्याचे कष्ट घेत होते.

दुपारी चहाच्या सुमाराला नानांनी मला त्यांच्या खोलीत बाजूला घेतलं.

"जावईबापू, एक विचारू का जी?"

"विचारा ना, नाना!"

"आमचं परतीचं तिकीट अलीकडचं करून भेटते का? तुम्ही लय करून राहिले आमच्यासाठी. पण आता घरी जावं म्हणतो."

ऑगस्टअखेर जायचे होते ते! मागे उभ्या असलेल्या मृणालनं हे ऐकलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. (ती खिडकी उघडीच असल्यामुळे तिचे केस माझ्या तोंडावर आले.) मला फार वाईट वाटलं. वर्षातून एकदा तिला आई-बाबा भेटतात, आणि मी त्यांना दोन दिवसांत गारठवून परत पाठवत होतो. तेव्हा माझी नजर खोलीतल्या फायरप्लेसवर पडली.

आल्या दिवशीच मिसेस हॉलिसनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "ती ओरिजिनल आहे." ओरिजिनल म्हणजे चालू स्थितीतली, असा मी अर्थ घेतला. समोर टोपलीत सुंदर वाळलेली पाइनची फळं आणि लॅव्हेंडरच्या जुड्या ठेवलेल्या होत्या. इतकी सोय! नाना, माई, मृणाल आणि ईरा खाली चहाला गेले तसा मी वर थांबलो. ते परततील तेव्हा खोलीत ऊब, सुगंध आणि जावई, असं दृश्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. पिनरच्या देवघरातून माईंनी सोबत आणलेली काडेपेटी मी घेतली आणि लॅव्हेंडरला काडी लावली.

सुगंध आला. मग धूर आला. मग फक्त धूरच आला! तो वर जाण्याऐवजी वळून माझ्याकडे यायला लागला. चिमणीतून काटक्या, पिसं आणि वाळल्या गवताचा एक गोळा खाली पडला आणि तोही पेटला. मी घाईघाईनं पाण्याचा जग उचलून त्यावर ओतला, तर खोलीभर राखेचा एक काळा ढग उठला. त्या ढगात फायर अलार्म बोंबलायला लागला.

खाली एकही माणूस धावला नाही. चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ कप हातात धरून उठले आणि मिसेस हॉलिसला म्हणाले, "सॉरी टू बॉदर यू, पण वर थोडीशी आग लागली असावी." मग सगळे रांग लावून बाहेर पडले. रांगेत एकमेकांना "आफ्टर यू" म्हणण्यात बराच धूर खाऊन झाला.

मी खाली उतरलो तेव्हा माझा पांढरा शर्ट, चेहरा आणि प्रतिष्ठा एकाच रंगाची झाली होती.

"बाबा!" ईरा आनंदानं किंचाळली. "यू सेट द होटेल ऑन फायर?"

"अहो, झालं तरी काय?" माई.

"थोडी ऊब करत होतो," मी म्हणालो.

तेवढ्यात दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या एक बाई पुढे आल्या. "त्या चिमणीत जॅकडॉचं घरटं आहे!" त्या ओरडल्या. आणि मग मात्र सभ्यता संपली. आग लागली तेव्हा न हललेले लोक आता एकदम माझ्याकडे वळले. "पिल्लं आहेत का आत?" "नेस्टिंग बर्ड्स!" "शेमफुल!" माणसं भाजली असती तर फार तर तक्रारीचं पत्र लिहिलं असतं, पक्ष्यांसाठी ते हात उचलायच्या बेतात होते.

"जॅकडॉ म्हणजे काय गं?" माईंनी मृणालला विचारलं.

"कावळाच. लहान जातीचा."

माईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! जावयानं कावळ्याचं घर जाळलं!"

"झालं," नाना चादरीतून म्हणाले. "आपल्या पिंडाला आता शिवत नाही कोणी."

फायर ब्रिगेडची गाडी आली. एक दणकट तरुणी हेल्मेट चढवून वर गेली, आणि आम्ही सगळे गारगोट्यांवर श्वास रोखून उभे राहिलो. थोड्या वेळानं ती राखेचं टोपलं घेऊन बाहेर आली. आग खोलीबाहेर गेली नव्हती. घरटं रिकामं होतं, पिल्लं केव्हाच उडून गेली होती. टाळ्या वाजल्या! चिमणीवर बसलेला एक जॅकडॉ मात्र माझ्याकडे बघून बराच वेळ बोलत होता, आणि सूर ओळखीचा वाटला. मृणालही तेव्हाच बोलत होती.

मिसेस हॉलिस माझ्याजवळ आली. "नॉट टू वरी," ती म्हणाली. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की हे वाक्य असं दात आवळून म्हटलं जातं तेव्हा काळजी करायची असते.

मग लक्षात आलं, नाना कुठेच नाहीत!

आम्ही हाका मारत शोधलं. शेवटी ते सापडले बंबाच्या केबिनमध्ये. हीटर पूर्ण चालू, अंगावर चांदीसारखा चमचमणारं ब्लँकेट, हातात वाफाळता चहा. शेजारी चष्मेवाले वृद्ध गृहस्थ, त्यांच्या शेजारी दुर्बीणवाल्या बाई. दोन दिवस कोणाशी एक शब्द न बोललेली ही माणसं नानांकडून नागपूरच्या कूलरची माहिती घेत होती. नानांचा चेहरा गुलाबी झाला होता. साडूच्या फोटोतल्यापेक्षा निदान दुप्पट हसत होते.

मी दाराशी जाऊन खाली मान घालून म्हणालो, "नाना, तिकिटाचं बघतो मी उद्याच."

"राहू द्या," नाना म्हणाले. "आता काहून जाऊ? अजून काय काय पेटवता, ते पाहूनच जातो ना जी!"

ते ऑगस्टअखेरपर्यंत राहिले. मृणालनं मला माफ केलं, म्हणजे निदान ती गोष्ट आता ती हसत सांगते, आणि सगळ्यांना सांगते.

यंदा दिवाळीला आम्ही नागपूरला गेलो होतो. मी नुसता चहा करायला म्हणून उठलो, तर नाना, माई आणि साडू तिघंही एकदम उभे राहिले. "तुम्ही बसा, जावईबापू, तुम्ही बसा!" पंधरा दिवसांत मला त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू दिला नाही. सासुरवाडीला जावयाचा किती मान ठेवतात, ते मी इकडे पिनरला सगळ्यांना अभिमानानं सांगतो.