पायात येतंय तोवर

‘आधी बस. मग काय ते.’

उजव्या हाताचं बोट जमिनीकडे करून काकू हे म्हणायच्या, आणि मी समोर असले तर मीच पटकन खुर्ची शोधायची. खरं तर ते बंडूसाठी असायचं.

काकू आमच्या नल्लकुंट्यातल्या घरमालकीण. निजामाच्या काळापासून हैदराबादेत असलेल्या मराठी घरातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, वरच्या मजल्यावरची भाडेकरू आणि कुत्र्यांना घाबरणारी. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. गल्लीतल्या घराघरांतून कुणीतरी कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघालेलं असायचं. काकूंचा एकुलता एक मुलगाही निघाला. आई एकटी राहणार म्हणून जाण्याआधी तो मॅस्टिफ या दांडग्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला, तोच बंडू. दोन महिन्यांचं, कपाळाला सुरकुत्या आणि पंजे अंगाच्या मानानं भलतेच मोठे.

‘सहा महिन्यांचा झाला की शिकवायला माणूस लाव,’ मुलगा म्हणाला.

‘सहा महिन्यांनी हाच मला शिकवेल. पायात येतंय तोवरच शिकवायचं.’

त्याच संध्याकाळी त्यांनी सुरुवात केली. धडा अगदी छोटा, पिल्लाचं लक्ष उडायच्या आत संपणारा. बसला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. अंगावर उडी मारली की काकू पाठ करून उभ्या राहायच्या. तो खात असताना ताटलीत हात घालून त्याहून चांगला घास ठेवायच्या, म्हणजे ताटलीजवळ हात आला तरी त्यानं गुरगुरू नये. मारणं नाही, ओरडणं नाही. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासमोर त्याला न्यायच्या.

‘राखणीचा कुत्रा ना? मग त्याला एवढी माणसं कशाला दाखवता?’ मी विचारलं.

‘माणसंच पाहिली नाहीत तर चोर कोण नि दूधवाला कोण, त्याला कसं कळणार? सगळ्यांनाच परेशान करेल.’

म्हणून मग गॅसवाला, बुरख्यातल्या शेजारणी, हेल्मेट घातलेले स्कूटरवाले, सगळ्यांशी त्याची ओळख झाली. माझीही. ‘ठैर, हात वर नको नेऊ,’ काकू म्हणाल्या आणि माझ्या तळव्यावरचं अंडं त्यानं इतक्या हळू उचललं की मला हसू आलं.

वर्ष-दीड वर्षात बंडू माझ्या कमरेला लागला.

एका रविवारी सकाळी मुलाचे दोन मित्र फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. काकूंना वाटलं, बंडूला घाबरलेत.

‘डरो मत, आओ. कुछ नहीं करता.’

ते तरी आत येईनात. मग काकूंनी त्यांना बंडूचं सगळं करून दाखवलं. बस. थांब. ये. पुन्हा बस. बंडू एखाद्या शहाण्या मुलासारखा करत गेला. ‘उसको फोन पे बोलना, एकदम सयाना हो गया,’ काकू हसत म्हणाल्या. तेव्हा त्यांतला एकजण फाटकाला धरून रडायला लागला. दुसऱ्यानं सांगितलं. तिकडे अमेरिकेत, हायवेवर, गाडीला अपघात. जागच्या जागी.

मी जिन्यात उभी होते. काकूंचं बोट तसंच खाली होतं आणि बंडू बसलेला.

‘बंडू, जागेवर जा,’ त्या म्हणाल्या. तो गेला. मग त्यांनी त्या दोघांना विचारलं, ‘चाय पिओगे?’

दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. काकू रडल्या नाहीत. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही त्या बंडूचा पट्टा घेऊन निघाल्या होत्या.

‘आज राहू द्या ना, काकू.’

‘हौ. पण त्याला काय माहीत?’

पुढे कित्येक महिने खालून मोजकेच शब्द वर यायचे. बस. थांब. ये. सोड. बाकी काही नाही. माझ्याशी तर मानेनंच बोलायच्या.

एकदा भाडं द्यायला गेले तर बंडूनं कपाटातून मुलाचा जुना स्वेटर ओढून काढला होता. तो तोंडात धरून काकूंसमोर उभा होता, वाट पाहत. ‘सोड’ म्हटलं की त्यानं सोडलाच असता. काकूंनी नुसती लोंबणारी बाही सरळ केली. मग म्हणाल्या, ‘राहू दे.’ आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.

एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत. बंडू एका उन्हाळ्यात दुपारी झोपला तो उठलाच नाही. काकूंनी घर विकलं आणि नांदेडला बहिणीकडे जायचं ठरवलं. मी त्यांना पोचवायला काचीगुडा स्टेशनवर गेले. गाडी लागलेली होती. काकूंना खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाईंनी पिशव्या सरकवून जागा केली आणि बायका विचारतात तसं सहज विचारलं, ‘मुलंबाळं किती तुम्हाला?’

इतक्या वर्षांत कुणी विचारलं की काकू म्हणायच्या, ‘मुलगा अमेरिकेला असतो.’ मी कधी मध्ये बोलले नव्हते. त्या दिवशीही फलाटावर खिडकीशी खाली बघत उभी राहिले.

‘एक होता,’ काकू म्हणाल्या.

गाडी सुटली. त्या बाई काकूंकडे वाकून आणखी काही विचारत होत्या आणि काकू सांगत होत्या.